चालीवरून कूळ: तारे आणि वायू दीर्घिकांचा जन्म कसा सांगतात

आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका चार-पाच अब्ज वर्षांनी एकमेकींवर आदळणार, हे आपण इतक्यांदा वाचलंय की ती काळ्या दगडावरची रेघ वाटू लागली होती. मग जून 2025 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातलं गणित म्हणालं, पुढच्या दहा अब्ज वर्षांत ही टक्कर होण्याची शक्यता जेमतेम निम्मी आहे. छापा की काटा, तेवढीच. बातमी वाचून अनेकांना प्रश्न पडला असणार: मग इतकी वर्षं हे लोक सांगत काय होते?

देवयानी आपल्या दिशेने येतेय, हे 1912 पासून माहीत आहे आणि ते आजही तितकंच खरं आहे. पण येता येता ती बाजूलाही किती सरकतेय, हे मोजणं भयंकर अवघड आहे. टक्कर होणार की चुकामूक, हे ठरतं त्या आडव्या वेगावर. बातमीत हा फरक गळून जातो.

वेग मोजण्याची हीच विद्या उलट्या दिशेने वापरली की दीर्घिकांचा भूतकाळ उलगडतो, आणि मला स्वतःला तो भाग भविष्यापेक्षा जास्त थरारक वाटतो. ज्या घटना घडल्या तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता, त्यांचा काळ आज ताऱ्यांच्या चालीवरून काढता येतो.

## आपण राहतो ती तबकडी

दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, त्यांच्यामधला वायू आणि धूळ, आणि या सगळ्याला धरून ठेवणारं गुरुत्वाकर्षण. आपल्या दीर्घिकेचं नाव आकाशगंगा. तिचा आकार साधारण चपट्या तबकडीसारखा आहे, मधोमध फुगवटा आहे, आणि सगळ्याभोवती म्हाताऱ्या, विरळ ताऱ्यांचा एक मोठा गोलाकार पसारा आहे. त्याला प्रभामंडल म्हणतात. तबकडीची रुंदी सुमारे 1 लाख प्रकाशवर्षं. सूर्य केंद्रापासून सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला सुमारे 230 किलोमीटर वेगाने केंद्राभोवती फिरतो. तरीही एका फेरीला 22-23 कोटी वर्षं लागतात.

तबकडीतले बहुतेक तारे असेच, एकाच दिशेने, जवळजवळ वर्तुळात फिरतात. प्रभामंडलातले तारे मात्र कुठूनही कुठेही जातात. कुणी तबकडीला आरपार छेदून वर जातो, कुणी केंद्राजवळून सूर मारून पुन्हा लांब निघतो, कुणी तर सरळ उलट्या दिशेने फिरतो. एकाच दीर्घिकेत हे दोन स्वभाव का, हाच सगळ्या गोष्टीचा धागा आहे.

## इतक्या लांबच्या ताऱ्याचा वेग मोजतात कसा?

वेगाचे दोन भाग असतात. तारा आपल्याकडे येतोय की दूर जातोय, हा एक. आणि आकाशात आडवा किती सरकतोय, हा दुसरा. दोन्ही अगदी वेगळ्या रीतीने मोजावे लागतात.

पहिल्यासाठी रुग्णवाहिकेच्या भोंग्याचं उदाहरण नेहमी दिलं जातं. ते आता इतकं झिजलंय की त्यातून कारण दिसेनासं झालंय. वेगळं चित्र घेऊ. एक माणूस तुमच्याकडे चालत येतोय आणि चालता चालता दर दहा सेकंदांनी एक चेंडू तुमच्याकडे फेकतोय. प्रत्येक पुढचा चेंडू थोडं कमी अंतर कापतो, म्हणून तुमच्या हातात चेंडू दहा सेकंदांपेक्षा कमी वेळाने पडतात. तो पाठ न फिरवता मागे मागे जाऊ लागला की चेंडू दहापेक्षा जास्त सेकंदांनी येतील. प्रकाशाच्या लहरींचं हेच होतं. स्रोत जवळ येत असेल तर लहरी दाटीने येतात आणि प्रकाश निळ्याकडे झुकतो, दूर जात असेल तर तांबड्याकडे. हा डॉप्लर परिणाम.

पण मुळात चेंडू दहा सेकंदांनी फेकला जातोय हे आपल्याला कसं कळणार? इथे अणू मदतीला येतात. ताऱ्याचा प्रकाश पसरवून त्याचा वर्णपट पाहिला की त्यात ठरावीक जागी रेषा दिसतात. हायड्रोजनची एक तांबडी रेषा 656.3 नॅनोमीटरवरच असते, मग तो हायड्रोजन प्रयोगशाळेतला असो वा देवयानीतला. ती रेषा जागेवरून जितकी ढळली तितका वेग. सेकंदाला 100 किलोमीटर वेग असेल तर ती जेमतेम 0.22 नॅनोमीटर सरकते. व्हेस्टो स्लायफर या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने 1912 मध्ये देवयानीच्या बाबतीत हे मोजलं, तेव्हा ती सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येताना दिसली. (यातला बराच वाटा सूर्याच्या स्वतःच्या फिरण्याचा आहे. तो वजा केला तर साधारण 110 उरतात.) दोन वर्षांनी त्याने सोम्ब्रेरो नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घिकेची एक बाजू जवळ येताना आणि दुसरी दूर जाताना पकडली. म्हणजे ती फिरत होती. गंमत म्हणजे हे ठिपके दीर्घिका आहेत, हेच तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं.

आडव्या वेगाची गोष्ट याहून जुनी. 1718 मध्ये एडमंड हॅलीने स्वाती, व्याध आणि रोहिणी हे तारे प्राचीन ग्रीक नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा ते जागेवर नव्हते. 'अचल' तारे चालतात हे तिथे पहिल्यांदा कळलं. ताऱ्याच्या या आकाशातल्या सरकण्याला निजगती म्हणतात. स्वातीला आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं सरकायला सुमारे 800 वर्षं लागतात, आणि तेजस्वी ताऱ्यांमध्ये हा वेग बराच मोठा मानला जातो. बाकीच्यांची निजगती किती सूक्ष्म असेल, याचा अंदाज यावरून यावा.

ही सूक्ष्म गती मोजण्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेने डिसेंबर 2013 मध्ये गाया हा उपग्रह सोडला. जानेवारी 2025 पर्यंत तो आकाश न्याहाळत राहिला. जवळपास 2 अब्ज ताऱ्यांच्या जागा त्याने नोंदवल्या. त्यांतल्या चांगल्या तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत अचूकता अशी, की 1000 किलोमीटरवरच्या केसाची जाडी मोजावी. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या माहितीत सुमारे 3.3 कोटी ताऱ्यांचे जवळ-दूर जाण्याचे वेगही होते. अंतर आणि दोन्ही वेग हाताशी आले की त्या ताऱ्याची पूर्ण कक्षा मांडता येते.

वायूसाठी आणखी एक सोय आहे. थंड हायड्रोजन 21 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. हे भाकीत व्हान डे हुल्स्ट यांनी 1944 मध्ये केलं आणि 1951 मध्ये युएन आणि पर्सेल यांनी त्या लहरी पकडल्या. धुळीने दृश्य प्रकाश अडतो, या लहरी अडत नाहीत. आपण तबकडीच्या आत बसून तिच्या पलीकडच्या टोकाचा वायू कसा फिरतोय ते पाहू शकतो, ते या लहरींच्या जोरावर.

## वायू विसरतो, तारे विसरत नाहीत

वायूचे दोन ढग समोरासमोर आले तर एकमेकांतून आरपार जाऊ शकत नाहीत. आदळतात, तापतात, ती उष्णता प्रकाशाच्या रूपाने निघून जाते, आणि दोघांची वेगवेगळी चाल मोडून एक सरासरी चाल उरते. काही कोटी वर्षांनी त्या वायूकडे पाहिलं तर तो मुळात दोन दिशांनी आला होता याचा पत्ताही लागत नाही.

तारे एकमेकांवर आदळतच नाहीत म्हटलं तरी चालेल. सूर्य वाळूच्या 1 मिलिमीटरच्या कणाएवढा धरला तर सर्वांत जवळचा तारा सुमारे 29 किलोमीटरवरचा दुसरा कण होतो. दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या तरी त्यांचे तारे असे सहज पार होतात. त्यामुळे तारा ज्या चालीने आला ती चाल, म्हणजे तिच्यातली ऊर्जा आणि फिरण्याचा जोर, अब्जावधी वर्षं बऱ्याच अंशी तशीच टिकते.

आता तबकडी का बनते ते समजेल. सुरुवातीला वायूचा मोठा, अस्ताव्यस्त पसारा असतो आणि तो किंचित फिरत असतो. तो आत कोसळताना ढग आदळतात, ऊर्जा बाहेर फेकली जाते. पण फिरणं असं बाहेर फेकता येत नाही. फिरत्या खुर्चीवर बसून पसरलेले हात जवळ घेतले की आपण जोरात फिरू लागतो, तसा वायू आक्रसत जातो तसा वेग घेतो. वरखाली जाणारी चाल टकरींत मरते, गोल फिरणारी उरते. परिणाम म्हणजे चपटी, शिस्तीत फिरणारी तबकडी. आजही आकाशगंगेतल्या थंड वायूची वरखाली होणारी चाल सेकंदाला 10 किलोमीटरच्या आसपासच आहे.

तारे अशा वायूतूनच जन्मतात आणि जन्मताना त्याची चाल घेऊन येतात. शांत तबकडीत जन्मलेला तारा शिस्तीत फिरतो. वायू अजून स्थिरावला नव्हता तेव्हा जन्मलेला तारा कायमचा बेशिस्त राहतो. आणि दुसऱ्याच दीर्घिकेत जन्मून इथे ओढला गेलेला तारा आपल्या जुन्या घराची चाल घेऊन फिरतो. म्हणून वायूला आजचं विचारायचं आणि ताऱ्यांना कालचं.

## पण आपल्याकडे तर एकच फोटो आहे!

रास्त शंका. माणूस काही शतकं आकाश मोजतोय, आकाशगंगेची एक फेरी 22 कोटी वर्षांची. आपल्या दृष्टीने सगळं गोठलेलंच आहे.

मोठ्या मैदानाचा एक फोटो घ्या. हजारो माणसं, कोण कुठून आलं काही कळत नाही. आता त्याच फोटोत प्रत्येकाच्या डोक्यावर एक बाण काढा: कुठल्या दिशेने, किती वेगाने. लगेच दिसेल की बहुतेक जण मैदानाभोवती एका दिशेने फेऱ्या मारताहेत, आणि दोनशे जण विखुरलेले असूनही उलटे चाललेत. ते दोनशे दुसऱ्या फाटकातून आले असावेत, हे सांगायला व्हिडिओ लागत नाही. वर त्या सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे सदरे असतील तर शंकाही उरत नाही.

ताऱ्यांचा सदरा म्हणजे त्यांची रासायनिक घडण. हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला खगोलशास्त्रज्ञ 'धातू' म्हणतात. ऑक्सिजनसुद्धा धातू! रसायनशास्त्रवाल्यांनी कपाळाला हात लावावा अशी ही रीत आहे, पण ती रूढ झालीय. विश्वाच्या सुरुवातीला हे धातू जवळजवळ नव्हतेच. ताऱ्यांच्या पोटात ते बनले आणि स्फोटांतून वायूत मिसळत गेले. मोठे तारे लवकर फुटतात आणि मॅग्नेशियम, ऑक्सिजन देतात. लोखंडाचा मोठा वाटा उशिरा होणाऱ्या वेगळ्या स्फोटांतून येतो. लहान दीर्घिकेत तारे सावकाश बनतात, म्हणून तिथे एकूण धातू कमी असतानाच लोखंडाचं प्रमाण वर येतं. मोठ्या दीर्घिकेत तसं होत नाही. चाल आणि घडण दोन्ही जुळली की कूळ कळतं.

## 221 तारे आणि एक जुना वाद

चाल आणि घडण यांचा संबंध आहे, हे नॅन्सी ग्रेस रोमन यांनी 1950 मध्येच दाखवलं होतं. 1962 मध्ये एगन, लिंडन-बेल आणि सँडेज यांनी 221 ताऱ्यांच्या कक्षा काढल्या. ज्यांच्यात धातू कमी, त्यांच्या कक्षा लांबट आणि तिरप्या. ज्यांच्यात धातू जास्त, त्यांच्या गोल. त्यांनी निष्कर्ष काढला की आकाशगंगा एकाच मोठ्या ढगातून झपाट्याने कोसळून बनली. कोसळताना जन्मलेले तारे लांबट कक्षांत अडकले, तबकडी झाल्यावर जन्मलेले गोल फिरू लागले.

सुटसुटीत होतं. 1978 मध्ये सर्ल आणि झिन यांनी त्याला सुरुंग लावला. प्रभामंडलातले तारकागुच्छ तपासून ते म्हणाले, हे एका झटक्यात झालेलं नाही. लहान लहान तुकडे बाहेरून येत राहिले आणि जुळत गेले. एकसंध कोसळणं की तुकड्यातुकड्यांनी जुळणं, हा वाद पुढे कैक वर्षं चालला. आज मागे वळून पाहिलं तर दोघांच्याही पदरात काही ना काही पडलंय, पण प्रभामंडलापुरतं पारडं तुकड्यांच्या बाजूने स्पष्ट झुकलं.

## आत घुसलेले परके

पहिला ठसठशीत पुरावा योगायोगाने मिळाला. इबाटा, गिलमोर आणि आयर्विन हे तिघे आकाशगंगेच्या फुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजत होते. फुगवट्यात वेग सैरावैरा असतात, आलेखात पसरट टेकडी दिसते. पण काही ठिकाणी त्या टेकडीवर एक अरुंद सुळका उभा राहिला: बरेच तारे जवळजवळ एकाच वेगाने जाणारे. ते फुगवट्यातले नव्हतेच. त्याच्या मागे, आकाशगंगेच्या पलीकडच्या बाजूला एक अख्खी खुजी दीर्घिका लपली होती आणि आकाशगंगा तिला हळूहळू फाडून खात होती. 1994 मध्ये जाहीर झालेली ही धनू खुजी दीर्घिका. तिचे ओरबाडलेले तारे आज एका लांब पट्ट्यासारखे आकाशगंगेभोवती गुंडाळलेले दिसतात. दुर्बिणीतून नुसतं पाहत बसलो असतो तर समोरच्या ताऱ्यांच्या गर्दीत ती कधीच डोळ्यांत भरली नसती. वेगांनी ती उघडी पाडली.

दुसरा शोध 2018 चा, गायाच्या माहितीतून. दोन गटांनी स्वतंत्रपणे तो लावला. सूर्याच्या आसपासच्या प्रभामंडलातल्या ताऱ्यांचे वेग मांडल्यावर दिसलं की मोठा भाग केंद्राभोवती जवळजवळ फिरतच नाही. ते केंद्राकडे सूर मारतात आणि पुन्हा लांब जातात, दोरीला बांधून मागेपुढे झोके दिल्यासारखे. आलेखात त्यांचा आकार लांबुळका दिसला, म्हणून एका गटाने नाव ठेवलं सॉसेज. दुसऱ्या गटाच्या प्रमुख अमिना हेल्मी यांनी नाव दिलं एन्केलेडस, ग्रीक पुराणात एटना ज्वालामुखीखाली गाडला गेलेला आणि भूकंप घडवणारा राक्षस. आता दोन्ही नावं जोडून वापरतात. तारुण्यातल्या आकाशगंगेच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी एक दीर्घिका सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी येऊन धडकली आणि नाहीशी झाली, असा अर्थ त्यातून काढला गेला. तिच्यातला वायू मिसळून गेला, ओळख पुसली गेली. तारे अजून चालताहेत. आपली तबकडी त्या धक्क्याने काही प्रमाणात ढवळली गेली, हेही तिच्या त्या वेळच्या ताऱ्यांच्या बिघडलेल्या चालीत दिसतं.

तारीख मात्र वादातीत नाही. 2024 मध्ये काही संशोधकांनी याच ताऱ्यांच्या वेगांच्या आलेखातल्या सुरकुत्या मोजून दाखवल्या. त्यांचं म्हणणं, सुरकुत्या काळाबरोबर बारीक होत जातात, आणि या अजून इतक्या ठळक आहेत की निदान यांतल्या बऱ्याच ताऱ्यांना आणणारी धडक 3 अब्ज वर्षांच्या आतली असावी. बहुतेकांचा कौल आजही जुन्या तारखेकडे आहे.

तिसरा शोधही 2018 चाच, आणि तो माझा आवडता. तेरेसा अँतोहा आणि सहकाऱ्यांनी सूर्याजवळच्या सुमारे 60 लाख ताऱ्यांची तबकडीपासूनची उंची आणि वरखाली जाण्याचा वेग असा आलेख काढला. गुळगुळीत ठिपका यायला हवा होता. आलं ते गोगलगाईच्या शंखासारखं वळण. वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्यांचे झोपाळे ओळीने टांगले आहेत असं समजा. कुणीतरी सगळ्यांना एकदम धक्का दिला. सुरुवातीला सगळे एकत्र हलतील, मग लांब दोरीचे मागे पडतील आणि ओळीत वळण दिसू लागेल. वळण किती पडलंय यावरून धक्का कधी बसला ते काढता येतं. इथे उत्तर आलं 30 ते 90 कोटी वर्षांपूर्वी. धक्का देणारी म्हणून पहिला संशय धनू दीर्घिकेवरच घेतला जातो, जरी ती एकटीच जबाबदार होती का यावर अजून एकमत नाही.

## दूरच्या दीर्घिकांचं काय?

तिथे सुटा तारा दिसत नाही. पण दीर्घिकेच्या चित्राचे शेकडो तुकडे करून प्रत्येकाचा वर्णपट एकदम घेणारी उपकरणं आली आहेत, आणि त्यांतून वेगांचा नकाशा मिळतो. अटलास-थ्रीडी या प्रकल्पात जवळच्या 260 दीर्घिका अशा तपासल्या. सगळ्या साध्या, गुळगुळीत, वायू जेमतेम असलेल्या. फोटोत एकमेकींच्या बहिणी. वेगांच्या नकाशात त्यांची सरळ दोन गटांत फाळणी झाली: बहुतेक जणी आतून तबकडीसारख्या फिरणाऱ्या, आणि 36 जणी जवळजवळ न फिरणाऱ्या. या दुसऱ्या गटातल्या मोठ्या दीर्घिका वारंवारच्या धडकांनी बनल्या असाव्यात. अनेक दिशांनी आलेल्यांची फिरण्याची चाल एकमेकांत कटून गेली.

एनजीसी 4550 ही दीर्घिका तर वेगळीच वल्ली. व्हेरा रुबिन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवलं की तिच्यात एकाच जागी ताऱ्यांच्या दोन तबकड्या आहेत आणि त्या उलटसुलट फिरतात. वायूला हे जमणार नाही, तो आदळून थांबेल. तारे खुशाल एकमेकांमधून जातात. पहिली तबकडी तयार झाल्यावर बाहेरून उलट्या फिरकीचा वायू आला आणि त्यातून दुसरी तबकडी घडली, हे त्याचं सर्वांत सरळ स्पष्टीकरण.

वायू असा बाहेरून अजूनही येतोच. आकाशगंगेवर स्मिथचा ढग नावाचा हायड्रोजनचा मोठा लोळ चाल करून येतोय. 1963 मध्ये तो सापडला, आणि सुमारे 3 कोटी वर्षांनी तबकडीवर आदळेल. तो बाहेरचा कोरा वायू असावा असं वाटत होतं. 2016 मध्ये त्यात गंधक भरपूर सापडलं. म्हणजे तो बहुधा इथूनच कधीतरी उडालेला आणि आता परत पडतोय. वायू बाहेर उडतो हे एम82 दीर्घिकेत स्वच्छ दिसतं. तिच्या मध्यात तारे इतक्या वेगाने जन्मतात आणि फुटतात, की तबकडीच्या दोन्ही अंगांनी वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने उसळतो. दीर्घिका किती वाढणार हे या आवक-जावकीवर ठरतं.

## कृष्णद्रव्य ही पळवाट तर नाही?

सूर्यमालेत बुध सेकंदाला 47 किलोमीटर धावतो, पृथ्वी 30, नेपच्यून जेमतेम साडेपाच. जितकं लांब तितकं संथ, कारण सगळं वजन मध्ये आहे. दीर्घिकेतही कडेच्या ताऱ्यांनी संथ व्हायला हवं. रुबिन आणि केंट फोर्ड यांनी 1970 मध्ये देवयानीतल्या वायूचे वेग मोजले, तर ते बाहेर गेलं तरी उतरत नव्हते. 21 सेंटिमीटरच्या लहरींनी तारे संपतात त्याच्याही पुढे जाऊन तेच दाखवलं. दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वस्तुमान तिथे आहे, त्याला कृष्णद्रव्य म्हणतात.

'हिशेब जुळेना म्हणून न दिसणारी वस्तू घुसवली' हा आक्षेप शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. मिलग्रोम यांनी 1983 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलून पाहिला आणि दीर्घिकांच्या फिरण्यापुरता तो आश्चर्य वाटावं इतका चालतो. पण दीर्घिकांचे मोठे समूह आणि विश्वाच्या बालपणीचा प्रकाश यांचा मेळ त्याला नीट घालता येत नाही. कृष्णद्रव्याचा कण मात्र अजून कुणाच्या हाती लागलेला नाही, हेही खरंच. दीर्घिका घडण्याच्या आजच्या कथेत कृष्णद्रव्याचे गोळे आधी जमतात, वायू त्यांत ओघळतो आणि मग तारे पेटतात.

## तबकडी केव्हा फिरू लागली?

बेलोकुरोव आणि क्रावत्सोव यांनी 2022 मध्ये आकाशगंगेचे स्वतःचे, म्हणजे बाहेरून न आलेले तारे धातूंच्या चढत्या क्रमाने लावून पाहिले. सर्वांत जुने तारे जवळजवळ एकत्र फिरतच नाहीत, नुसता गोंधळ. मग धातूंचं प्रमाण एका टप्प्यापाशी येतं आणि अचानक सगळे शिस्तीत फिरू लागतात. हा बदल 1 ते 2 अब्ज वर्षांत उरकला असावा. आकाशगंगेचा जन्म गोंधळात झाला आणि तबकडी नंतर बसली, असं हे चित्र.

मग इतर दीर्घिकांतही असंच असेल? इथे घोळ होतो. प्रकाशाला यायला वेळ लागतो, त्यामुळे दूरच्या दीर्घिका त्यांच्या लहानपणीच्या रूपात दिसतात. चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या अल्मा दुर्बिणींनी 2020 मध्ये महास्फोटानंतर, म्हणजे विश्वाच्या जन्मानंतर, फक्त दीड अब्ज वर्षांनीची एक दीर्घिका पाहिली. तिच्या तबकडीतला वायू सेकंदाला सुमारे 270 किलोमीटर वेगाने शिस्तीत फिरत होता. 2024 मध्ये तर महास्फोटानंतर 70 कोटी वर्षांनीची फिरती दीर्घिका सापडली. इतक्या लवकर इतकी शिस्त अनेकांच्या हिशेबात नव्हती. थोडा खुलासा असा, की या बहुधा त्या काळच्या दांडग्या, ठळक दीर्घिका आहेत, दिसायला सोप्या. शिवाय थंड वायू मोजला तर दीर्घिका शांत दिसते, ताऱ्यांभोवतीचा तापलेला वायू मोजला तर तीच खळबळलेली दिसू शकते. कोणाला विचारलं यावर उत्तर बदलतं.

## जिथे चाल काहीच सांगत नाही

देवयानीकडे परत येऊ. तिचा आडवा वेग हबल दुर्बिणीने 2012 मध्ये मोजला, नंतर गायानेही. तो लहान आहे, पण त्यातली अनिश्चितता त्याच्याच तोडीची आहे. त्यात शेजारी लुडबुड करतात. देवयानीच्या सोबतची एम33 दीर्घिका टकरीची शक्यता वाढवते, आपल्या सोबतचा मॅजेलनचा मोठा मेघ (नाव मेघ, पण तीही एक छोटी दीर्घिकाच) ती कमी करतो. हे सगळं एकत्र धरलं की निम्मी शक्यता उरते. मोजमाप सुधारलं की आकडा इकडे किंवा तिकडे सरकेल.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ताऱ्याची चाल टिकते असं वर म्हटलं, पण तबकडीतल्या ताऱ्यांना एक सूट आहे. सेलवूड आणि बिनी यांनी 2002 मध्ये दाखवलं की दीर्घिकेचे सर्पिल बाहू, म्हणजे तबकडीतले वळणदार दाट पट्टे, तारा आत-बाहेर हलवू शकतात, आणि तेही त्याची कक्षा लांबट न करता. लाटेवर फळी टाकून निघालेला माणूस लाटेसोबत लांब जातो, तसा. आधी लहान वर्तुळात फिरणारा तारा नंतर मोठ्या वर्तुळात फिरतो. चाल तशीच सभ्य. उलटे फिरणारे, सूर मारणारे लगेच पकडले जातात. सरळ चालणाऱ्याचं मूळ शोधायला फक्त त्याची रासायनिक घडण उरते.

अशा सरळ चालणाऱ्यांत आपला सूर्य येतो. 4.6 अब्ज वर्षांत त्याने केंद्राभोवती सुमारे 20 फेऱ्या मारल्या आहेत, जवळजवळ वर्तुळात. पण आसपासच्या समवयस्क ताऱ्यांच्या सरासरीपेक्षा त्याच्यात धातू जास्त आहेत, आणि धातू केंद्राकडे वाढत जातात. म्हणून तो आजच्यापेक्षा बराच आत जन्मला आणि नंतर बाहेर आला, असं अनेक खगोलशास्त्रज्ञांना वाटतं. त्याच्या चालीत मात्र त्या प्रवासाची एकही खूण उरलेली नाही.